उत्तम शुक्रवारचा पाचवा वक्ता

सरकारी दवाखान्यातून मी नर्स म्हणून रिटायर झाले, त्याच वर्षी आमच्या मंडळीनं मला सेक्रेटरी केलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि तिथं दर रविवारी येणारी माणसं. चर्च शहराच्या कडेला आहे, फार मोठं नाही. कोण आलं नाही हे नुसती मान वळवून कळावं एवढंच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, म्हणाले, “सिस्टर, आता तुम्हाला वेळच वेळ.” ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, पण पाळकाच्या जागेचा मान म्हणून आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणतो. मी लगेच तयार झाले. वॉर्डाची इन्चार्ज म्हणून मी वर्षानुवर्षं ड्युटीचा तक्ता लावला होता. कोण सकाळी, कोण दुपारी, कोणाची सुट्टी, कोण कोणाच्या बदली. चर्चमध्ये याहून वेगळं काय असणार, असं मला वाटलं.

वेगळं हे होतं, की दवाखान्यात न आलेल्या माणसाला मेमो देता येतो. चर्चमध्ये जो येतो तो आपल्या खुशीनं येतो, आणि येत नाही तेही आपल्याच खुशीनं. फुलं लावणाऱ्या बाई भाच्याच्या साखरपुड्याला निघून जायच्या आणि मला ते रविवारी सकाळी रिकाम्या फुलदाण्या बघून कळायचं. संडेस्कूलच्या दोन टीचर एकमेकींच्या भरवशावर दोघीही घरी राहायच्या. पहिल्या सहा महिन्यांत माझी बीपीची गोळी वाढली ती यामुळंच, असं माझे मिस्टर अजून म्हणतात. पण या सगळ्यांची हळूहळू सवय झाली. त्यांचे फोन आधीच करायचे, दोघींऐवजी तिघींना सांगायचं, हे मी शिकले. सवय झाली नाही ती एकाच माणसाची.

ते कन्नड या तालुक्याच्या गावी राहायचे. हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. पाळक नव्हते, पण आमच्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांमध्ये उपदेशाला त्यांना बोलावणं असायचं. मी नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा त्यांना ऐकलं. त्यांच्यासमोरचा माइक बंद पडला होता आणि ते शेवटच्या बाकापर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या सासूबाई कोणाच्याही उपदेशात डुलकी काढायच्या. त्या दिवशी त्या ताठ बसून होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “असा माणूस महिन्यातून एकदा तरी यावा.”

मी सेक्रेटरी झाले तेव्हा सर सत्तरीच्या पुढं गेले होते. मधली काही वर्षं ते आमच्याकडं आले नव्हते. मला वाटलं, कोणी बोलावलंच नसेल. हंगामाच्या सणाला त्यांना बोलवायचं मी ठरवलं. हा आमचा उपकारस्तुतीचा सण. लोक घरचं धान्य, भोपळे, ऊस, पेरू आणून पुढं मांडतात. मी फोन केला तर सर लगेच म्हणाले, “नक्की येतो, सिस्टर. गाडीबिडी काही पाठवू नका, मी एसटीनं येईन.” शनिवारी पुन्हा फोन केला. म्हणाले, “तयारी झालेली आहे.”

रविवारी साडेनऊला भक्ती, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू झाली. सर आले नव्हते. मी दारात उभी राहून फोन लावत होते, तो वाजून वाजून बंद व्हायचा. आत गायनमंडळीनं ठरलेली तीन गाणी म्हटली, मग न ठरलेली दोन. पाळकसाहेब माझ्याकडं बघत होते आणि मी मान हलवत होते. शेवटी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. घाटात ट्रक उलटला आहे, चाळीसगावहून येणारी गाडी आलीच नाही, क्षमस्व. पाळकसाहेब काही तयारी नसताना उठले आणि वीस मिनिटं बोलले. बरं बोलले. पण त्यांच्या मानेवर घाम आला होता तो मला दिसत होता.

घरी जेवताना मी घाटाचं सांगितलं. मिस्टर भाकरी मोडता मोडता थांबले. नोकरीच्या काळात ते त्या रस्त्यानं खूप फिरले होते.

“अगं, घाट तर कन्नडच्या पलीकडं,” ते म्हणाले. “इकडं यायला घाट लागतो कुठं? चाळीसगावची गाडी नसली तर कन्नडहून सुटणाऱ्या असतात की. नाहीतर जीप.”

मी त्यांना भाजी वाढली. पण माझ्या मनात ते तिथंच रुतून बसलं.

दुसऱ्यांदा झालं ते दौलताबादला. महिला मंडळाची एक दिवसाची सहल होती. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन कडक नव्हतं. किल्ल्याच्या खाली एका ओळखीच्यांच्या मळ्यात चिंचेखाली सतरंज्या टाकल्या, डबे एका बाजूला मांडले. सकाळच्या सत्रात सर बोलणार होते. माझं चुकलंच म्हणा, पण पाळकसाहेबांनी आग्रह केला होता. एकदा कोणाच्याही हातून होतं, एसटीचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. आणि सरही फोनवर म्हणाले होते, “या खेपेला चूक होणार नाही.”

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. त्यांचा फोन बंद. चाळीस बायका माझ्याकडं बघत बसलेल्या. मी उपदेशक नाही. मला शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, लोकांसमोर उभं राहून सांगता येत नाही. मग मला जे येतं ते मी सांगितलं. वॉर्डात पहिल्यांदा एकटीनं बाळंतपण केलं तेव्हा माझे पाय कसे लटलटत होते, बाळ रडलं तेव्हा त्याच्याआधी मीच कशी रडले, आणि त्या बाईनंच मला धीर कसा दिला. बायका हसल्या. मग एकीनं तिच्या बाळंतपणाचं सांगितलं, मग दुसरीनं. मग गुडघे, शुगर, झोप न येणं, सगळं निघालं. दुपारी डबे उघडले तेव्हा सगळ्या म्हणाल्या, अशी सहल कधी झाली नव्हती.

पण मी आतून धुमसत होते. जेवताना कोणीतरी सहज विचारलं, “सरांचं काय झालं हो?” आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काय व्हायचंय? खोटारडा माणूस आहे. त्यांच्या जिवावर कोणी काही ठरवू नये.” दोन-तीन जणी डबे आवरायला लागल्या. त्यांतल्या एकीला सरांनी शाळेत शिकवलं होतं.

त्यानंतर ईस्टरच्या आधीचे चाळीस उपासाचे दिवस सुरू झाले आणि उत्तम शुक्रवारची यादी करायची वेळ आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशूला वधस्तंभावर दिलं तो हा दिवस, गुड फ्रायडे. आमच्याकडं दुपारी बारा ते तीन भक्ती असते. वधस्तंभावरून त्यानं काढलेले सात उद्गार आहेत. त्या सातांवर सात जण बोलतात, मध्ये गाणी आणि प्रार्थना. लोक उपाशी असतात, पांढरे कपडे घालून आलेले असतात, आणि इथलं एप्रिलचं ऊन. त्या दिवशी एक वक्ता गळाला की सगळ्यांना कळतं, कारण सगळे मोजत असतात.

कमिटीत सहा नावं ठरली. पाचवा उद्गार राहिला, ‘मला तहान लागली आहे’ हा. पाळकसाहेब जरा खाली बघून म्हणाले, “पाचव्यासाठी मी सरांना फोन केला होता. हो म्हणाले.”

“साहेब!” मी म्हणाले.

“त्यांच्यासारखं त्या उद्गारावर कोणी बोलत नाही, सिस्टर. मी लहानपणी ऐकलंय.”

“मीही ऐकलंय. पण ते येणार नाहीत.”

“आता ते हो म्हणाल्यावर मी नको कसं म्हणू?”

“तुम्ही नका म्हणू,” मी म्हणाले. “मी जाते आणि सांगून येते. तोंडावर.”

एका मंगळवारी सकाळी मी कन्नडची एसटी पकडली. मिस्टर सोबत येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. ‘सर, तुमचा मान आहे, पण मंडळीलाही मान आहे.’ असं एक होतं. ‘वय झालं की माणसानं थांबावं’ हे दुसरं. ते फार लागेल म्हणून मी सोडून दिलं आणि वेरूळच्या पुढं गेल्यावर पुन्हा घेतलं.

त्यांचं घर बाजारापासून दहा मिनिटांवर. सून दारातच गहू निवडत होती. तिशीतली, हसऱ्या तोंडाची. मी चर्चचं नाव सांगितलं तशी ती सूप बाजूला ठेवून उठली.

“सलाम, सिस्टर. या ना. पप्पा मागं हायेत, झाडांना पाणी घालायलेत.” मला पाणी देऊन ती कौतुकानं म्हणाली, “पप्पांना तुमच्याकडं लई आवडतंय. सणाला आले होते ना? सकाळी सहालाच कडक इस्त्रीचे कपडे घालून निघाले. दुपारी आले तर मी इचारलं, कसं झालं. म्हणले, लई चांगलं झालं, लोकांनी मन लावून ऐकलं.”

मी पाण्याचा पेला हातात धरून बसले. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

“आन् दौलताबादलाबी,” ती म्हणाली. “बायका लई हसल्या म्हणत होते.”

तेवढ्यात सर मागच्या दारातून आत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात बादली. मला बघून ते तिथंच थांबले. सुनेचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. मी ऐकलं हेही त्यांना कळलं. मी इतक्या पेशंटांची तोंडं बघितली आहेत, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडं मला बघवलं नाही.

“सलाम, सर,” मी म्हणाले. “इकडं आले होते, म्हटलं भेटावं.”

त्यांनी बादली खाली ठेवली. सुनेला म्हणाले, “बेटा, चहा ठेव. आणि दुधाची पिशवी घेऊन ये कोपऱ्यावरून, सिस्टरांना घट्ट चहा लागतो.” माझ्या चहाचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. ती चप्पल घालून गेली.

आम्ही दोघं समोरासमोर बसलो. भिंतीवर त्यांच्या मिसेसचा फोटो होता, त्या जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी ओल्या पायजम्यावरचा चिखल झटकला. मग शाळेत शिकवत असल्यासारखं नीट, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “सिस्टर, मी खोटं बोललो. तुमच्याशीही आणि घरीही.”

“बायका हसल्या हे तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं. इतकं सगळं विचारायचं असताना माझ्या तोंडून तेच निघालं.

“मी आलो होतो. दौलताबादला उतरलो, मळ्याच्या फाटकापर्यंत आलो. तुम्ही उभ्या राहून काहीतरी सांगत होतात. बायका हसत होत्या. मला बरं वाटलं, की यांचं काही अडलं नाही. आणि मी परत फिरलो.”

म्हणजे जेवताना मी त्यांना खोटारडा म्हणाले तेव्हा ते बसमध्ये बसून कन्नडला निघाले होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या मंडळीत ते बोलत असताना मध्येच शब्द गेले. विषय डोक्यात होता, पुढचं वाक्य नव्हतं. ते उभे राहिले. किती वेळ ते त्यांना माहीत नाही. मग कोणीतरी धावत आलं, कोणी खुर्ची आणली, कोणी पदरानं वारा घालायला लागलं. त्यांना धरून खाली बसवलं. डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचा फोटो काढला, काहीही निघालं नाही. पण तेव्हापासून कुठं बोलायला जायचं असलं, की स्टँडवर आल्यावर छाती धडधडायची, हात गार पडायचे. गाडी लागायची, निघून जायची. सणाच्या दिवशी ते दुपारपर्यंत कन्नडच्या स्टँडवर बाकावर बसून होते.

“मग नाही का म्हणत नाही, सर?” मी विचारलं. “फोनवर एक शब्द. आम्ही दुसरं कोणी बघितलं असतं.”

ते हसले, पण ते हसणं नीट उमटलं नाही. “नाही म्हटलं की पुढच्या वेळी विचारणार नाहीत. दोनदा नाही म्हटलं की विसरतील. फोन येतो ना सिस्टर, तेव्हा मला खरंच वाटतं की या वेळी जाईन. आणि मी तयारी करतो. सगळी करतो.” त्यांनी शेल्फाकडं हात केला. शाळेच्या वह्या होत्या, बारीक सुंदर अक्षरात भरलेल्या. वरच्या वहीवर ‘हंगाम’ लिहिलं होतं.

मी नर्स आहे. ती धडधड मला माहीत आहे. ऑपरेशनच्या दारात धट्टीकट्टी माणसं स्ट्रेचरवरून उठून पळताना मी बघितली आहेत आणि त्यांना मी कधी भित्रं म्हटलं नाही. इथं मात्र मी तपासायच्या आधीच निदान करून मोकळी झाले होते. पण दया आली म्हणून यादीतली जागा भरत नव्हती. उत्तम शुक्रवारी पाचवा उद्गार येणारच होता.

“सर,” मी म्हणाले, “तुमचं नाव मी काढत नाही. पण तुम्ही आला नाहीत तर कोण उभं राहील ते आजच ठरवायचं, आणि त्याला तुम्ही तयार करायचं. तुम्ही आलात तर तो बसेल.”

“कोण आहे?”

मला एकच नाव सुचलं. आमच्या मंडळीत चितेगावच्या एका कंपनीत काम करणारे एक भाऊ आहेत. पन्नाशीचे, कमी बोलणारे. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायच्या, माइक जोडायचा, आणि सगळे गेल्यावर ते सगळं आवरून जायचं. मी सेक्रेटरी झाल्यापासून ते एकदाही चुकले नव्हते, म्हणून मला त्यांना कधी फोनही करावा लागला नव्हता.

“त्यांना बोलता येतं का?” सरांनी विचारलं.

“मुळीच नाही.”

“मग बरंय,” सर म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा शिक्षकाचा दिसला.

सून दूध घेऊन आली, चहा झाला. निघताना मी फाटकाशी विचारलं, “हे साहेबांना सांगितलं तर चालेल?” ते म्हणाले, “साहेबांना सांगा. कमिटीत नको.” मी तसंच केलं.

कंपनीतले भाऊ मात्र ऐकेनात. “सिस्टर, मला नाय जमायचं. मी खुर्च्या मांडतो तेच बरंय.”

“खुर्च्या मांडा आणि मग बोला.”

“त्या दिवशी लई लोक असत्यात.”

“सर शिकवणार आहेत तुम्हाला. कन्नडचे.”

ते हातातली वायर गुंडाळायचे थांबले. “ते सर? व्हय?” मग उरलेली वायर गुंडाळून म्हणाले, “मंग बघतो.”

पुढचे चार आठवडे ते दोघं फोनवर बोलत होते. भाऊंच्या जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली उभं राहून. मला बातमी रविवारी खुर्च्या मांडताना मिळायची. “सर म्हणत्यात, पुस्तकातलं बोलू नको. तुला कधी तहान लागली ते सांग.” दुसऱ्या आठवड्यात, “सर म्हणत्यात, पहिलं वाक्य पाठ कर, बाकीचं आपोआप येतं.” तिसऱ्या आठवड्यात ते जरा गंभीर होते. म्हणाले, “सरांना मी एक गोष्ट सांगितली माझी. सर म्हणले, हीच सांग. पण ती सांगायला मला लाज वाटायली.” कोणती गोष्ट, ते मी विचारलं नाही.

उत्तम शुक्रवारी सकाळी आठला माझा फोन वाजला. सरांचं नाव बघून मी स्वयंपाकघरातून बाहेर गॅलरीत आले.

“सिस्टर, मी येत नाही.”

पुढं घाट येईल, गाडी येईल, असं मला वाटलं.

“गाड्या आहेत,” ते म्हणाले. “तब्येतही ठीक आहे. मला जमणार नाही, एवढंच आहे. म्हणून सांगायला फोन केला.”

मला काय झालं माहीत नाही, माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं माणसांच्या न येण्यावर चिडलेली मी, आणि एका माणसानं येत नाही म्हणून सांगितल्यावर मला इतकं हलकं वाटलं. “बरं केलंत सांगितलंत, सर,” मी म्हणाले. “भाऊ तयार आहेत.”

“हो. काल दोनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून.” मग म्हणाले, “सूनबाईलाही सांगितलं मी. सगळं. ती म्हणाली, पप्पा, मंग आज माझ्यासंगं इथल्याच भक्तीला चला.”

दुपारी चर्च भरलं होतं. कूलर घरघरत होते, त्यांचं पाणी संपत आलं होतं, आणि नळाला पाणी येऊन आठवडा झाल्यामुळं ते भरायला कोणी उठत नव्हतं. चार उद्गार झाले. चौथे वक्ते ठरल्यापेक्षा दुप्पट बोलले, लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. मग भाऊ उठले. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. कागद नव्हता.

त्यांनी पहिलं वाक्य पाठ म्हटलं, “तहानलेला माणूस आपल्या जवळच उभा असतो.” मग ते आपल्या भाषेत आले.

“मी भट्टीवर काम करतो. एकदा मे महिन्यात आमच्याकडं एक नवीन माणूस आला कंत्राटावर. वयानं मोठा. त्यो मला म्हणला, भाऊ, जरा पाणी द्या. भट्टीत माझा मालाचा लॉट चालू होता. मी म्हणलं, थांबा, एवढं होऊ द्या. पाण्याचा कूलर माझ्यापासून पाच पावलावर. त्याला जागा सोडायची परवानगी नव्हती, मला होती. लॉट झाला, मी मागं बघितलं, तर त्यो खाली पडलेला.”

चर्चमध्ये वारा घेणारे कागद थांबले.

“त्यो वाचला. दवाखान्यात नेलं, दोन दिवसांनी घरी गेला. पण परत कामावर आला नाय. माझी कोणी चूक काढली नाय. कोणाला माहीतच नाय. मी आज पहिल्यांदा सांगायलोय.”

आणि ते थांबले. मला वाटलं, श्वास घेत असतील. पण त्यांचे डोळे भिरभिरले आणि मला कळलं, पुढचं गेलं. ते माइकसमोर उभे राहिले, दोन्ही हात बाजूला. मी बाकावर पुढं सरकले होते, उठणारही होते, आणि मग तशीच बसून राहिले. पाळकसाहेबही उठले नाहीत. कोणीच उठलं नाही. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मावशींनी डोळे मिटून घेतले, जणू हे असंच ठरलेलं आहे. कूलर तेवढे घरघरत राहिले. एक मिनिट तरी गेलं असेल. मग भाऊ म्हणाले, “माझ्याकडं एवढंच हाय,” आणि जाऊन आपल्या जागेवर बसले.

पाळकसाहेबांनी पुढचं गाणं लगेच सांगितलं नाही. थोडं थांबूनच सांगितलं.

साडेचारला, उपास सोडून दोन घास खाल्ल्यावर मी सरांना फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

“कसं झालं?”

“चांगलं झालं, सर. फार चांगलं झालं. शेवटाकडं मात्र विसरले.”

“म्हणजे?”

“म्हणजे शब्दच गेले त्यांचे. उभे राहिले तसेच.”

“किती वेळ?”

“मिनिटभर असेल.”

“कोणी उठलं?”

“नाही.”

“खुर्ची वगैरे?”

“नाही, सर. लोक थांबले. मग ते बसले, मग गाणं झालं.”

मला त्यांच्याकडच्या अंगणातला कावळा ऐकू येत होता. शेवटी ते म्हणाले, “चौथा उद्गार कोणी घेतला होता?” मी सांगितलं आणि किती लांबला तेही सांगितलं. तेव्हा ते हसले, नेहमीसारखे मोकळे.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, दौलताबादला सरांबद्दल मी जे बोलले ते चुकीचं होतं, कारण विचारू नका. जी सरांची विद्यार्थिनी होती, तिनं नुसती मान हलवली. बाकीच्या म्हणाल्या, आम्ही तर ते विसरूनही गेलो होतो. विसरल्या नसाव्यात, पण तसं म्हणाल्या.

यादी करायची माझी पद्धत त्यानंतर बदलली. आता मी प्रत्येक नावासमोर दुसरं नाव लिहिते आणि ते दोघांनाही माहीत असतं. कोणी फार पटकन हो म्हटलं तर मी म्हणते, दोन दिवस घ्या, मग सांगा. आणि कोणी नाही म्हटलं तर त्यांना पुढच्या वेळी आवर्जून विचारते. तरी फुलदाण्या अधूनमधून रिकाम्या राहतातच. त्या बाईंच्या घरी साखरपुडे फार.

सरांनी त्यानंतर फोनवर आणखी तिघांना तयार केलं. एक रिक्षा चालवणारे, दोन महिला मंडळातल्या. पावसाळ्यात एका रविवारी ते सुनेबरोबर आले, मागच्या बाकावर बसले, चहालाही थांबले. यंदाच्या उत्तम शुक्रवारसाठी मी गेल्या महिन्यात त्यांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. शास्त्रवाचन करीन, बोलणार मात्र नाही, असं म्हणाले. मी तसंच लिहून घेतलं.